बंदुकीवरचा उलटा एन

माझ्या मोठ्या साडूंनी, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, उभ्या जन्मात कुठल्याही वस्तूला 'असली' म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. माझ्या लग्नात भर पंगतीत त्यांनी माझ्या मनगटावरचं घड्याळ उतरवून घेतलं, कानाला लावलं आणि वाढप्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "डबी एकाची, मशीन दुसऱ्याची. नकली हाये." घड्याळ सासऱ्यांनी दिलेलं होतं, आणि सासरे समोरच्याच पाटावर होते. पुढे ते घड्याळ महिनाभरात बंद पडलं ही गोष्ट वेगळी. पण म्हणून काय ती पंगतीत सांगायची?

घड्याळ, तूप, साधू, काहीही ते तपासत; खरा जीव मात्र बंदुकीत. जबलपूरला पलटणीच्या बंदुका दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. पेन्शन घेऊन आपल्या गावी, कोहमाऱ्याला परतले ते पानाच्या चंचीत भिंग घालूनच. कुणाकडे जुनी बंदूक आहे असं कानावर आलं, की हे बिनबोलावता हजर. आधी पेच पाहायचे, मग नळीचा वास घ्यायचे आणि शेवटी अक्षरं. शाळेशी त्यांचं फारसं जमलं नव्हतं. बंदुकीवर ठोकलेली असतात तेवढीच इंग्रजी अक्षरं त्यांना येत, पण ती अगदी पक्की. पलटणीच्या बंदुकीची नक्कल करणाऱ्या लोहाराला इंग्रजी येत नसे, त्यामुळे एखादा एन हमखास उलटा पडे. साडू तेवढाच धरत. एका जमीनदाराला त्यांनी त्याच्याच ओसरीत विचारलं, "काऊन जी, साहेबानं तुमच्या आज्याले इनाम देल्ली म्हनता? साहेबाले एन लिहिता येत नव्हता काय?"

बंदूक नकली निघाली की राखेने कोपरापर्यंत हात धुवायचे, हा त्यांचा नेम साऱ्या मुलखाला ठाऊक. "असली भेटन त्या दिवशी हात नाई धुवाचा," असं म्हणत. वीस वर्षं बिचारे हात धूतच होते.

एका दसऱ्याच्या आधी मी मास्तर माणूस, शाळेच्या सुट्टीत त्यांच्याकडे गेलो होतो. गोंदियाच्या एका बिडीवाल्या शेठनं नवा बंगला बांधला होता आणि दिवाणखान्यात टांगायला त्याला पलटणीची जुनी बंदूक हवी होती. गोंदियाकडच्याच प्रतापगडाजवळच्या एका खेड्यात तशी आहे असं कळल्यावर पारख करायला त्यानं साडूंना जीपमध्ये घेतलं. मलाही घेतलं, कारण साडूंना ऐकणारं माणूस लागे.

बंदूक कोहळी जातीच्या एका शेतकरी घरातल्या विधवा बाईंची. त्यांच्या सासऱ्यांनी ती पलटणीतून आणलेली. नवरा दर अमावस्येला तिला जवसाचं तेल लावी, दसऱ्याला पुजी. पण घरचा कारभार पुतण्याकडे, आणि पुतण्याला रेडिओ हवा होता. असली ठरली तर शेठ त्याच पावली उचलून नेणार, नकली ठरली तर त्याला फुकटही नको. बाईंनी धोतरात गुंडाळलेली बंदूक आणून ठेवली आणि हळूच मला म्हणाल्या, "मास्तर, नकली निंगन का जी?" असा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

साडूंनी पेच पाहिले. नळीचा वास घेतला, पुन्हा घेतला. भिंग अक्षरांवर ठेवलं ते उचलेचनात.

"तेल कोन लावते?"

"मीच लावतो जी. त्यायच्या मागं कोन लावन?" बाई म्हणाल्या.

साडूंनी भिंग खाली ठेवलं. "एन उल्टा हाये. नकली."

पुतण्या उसळला. "कायले फेकून राहिले, बुवा? आमच्या आज्याची बंदूक हाये!" शेठ व्यापारी माणूस, त्यालाही संशय आला. भिंग माझ्या हातात देत म्हणाला, "मास्टरजी, आप तो अंग्रेजी पढ़ाते हैं. ज़रा देखिए."

मी पाहिलं. एन होता, आणि माझ्या फळ्यावरच्या एनपेक्षा सरळ होता. मान वर केली तर साडू कौलं मोजल्यासारखे आढ्याकडे बघत होते. बाई रिकामं धोतर छातीशी धरून उभ्या होत्या.

"उलटा है," मी म्हणालो. एकेका अक्षरापायी पोरांना छड्या मारणारा मी!

शेठ तणतणत जीपमध्ये बसला आणि आम्हाला तिथेच टाकून गेला. पुतण्याही पाय आपटत निघून गेला. बाईंनी तांब्याभर पाणी आणि राख आणली. साडूंनी दोन्ही हात उपरण्याखाली घेतले. "राहू द्या, बाई," एवढंच म्हणाले.

बैलगाडीनं परत येताना त्यांनी दोन्ही हात उपरण्याखालीच ठेवले. पुढे दर दसऱ्याला ते त्या गावी सोनं द्यायला जात. "नकली बंदूक पाहाले एवढ्या दूर कायले जाता?" असं मेहुणीनं विचारलं, की ते पायात वहाणा घालत.

साडू आता नाहीत. कुणी नवं घड्याळ दाखवलं, की मला त्यांची फार आठवण येते. त्यांचं ते खेकसणं नाही, त्या गावाहून परतल्याची ती संध्याकाळ आठवते. मेहुणीनं ताटं मांडली आणि सवयीनं म्हणाली, "हात धुवा न् बसा." साडू तसेच पाटावर बसले. ज्या माणसानं जन्मभर पाचही बोटांनी वरणभात कालवला, तो खाली मान घालून म्हणाला, "आज चमचा दे."