अर्धं जावळ

माझ्या नातीचं डोकं मी अर्धं भादरलं, एवढी गोष्ट खरी आहे. बाकीचं जे गावात पसरलं ते माझ्या मुलानं फोनवर मीठमसाला लावून सांगितलेलं आहे, म्हणून आता मीच लिहायला बसलो. शिक्षण चौथीपर्यंत. पण जन्मभर म्हशी राखून ज्यानं पोरगा इंजिनिअर केला, त्याला चार ओळी लिहिता येणार नाहीत असं कोणी समजू नये.

मी सिंगापूरला आलो तो नात बघायला. संदीप आणि सूनबाई मानसी तिथल्या सेंगकांग भागात अकराव्या मजल्यावर राहतात. बरीच वर्षं त्यांना मूल नव्हतं. मग त्यांनी थायलंडहून एक मुलगी दत्तक घ्यायचं ठरवलं. मी पोचलो तेव्हा मीरा तीन वर्षांची होती आणि घरात येऊन तिला पाच महिने झाले होते.

मला पहिला धक्का तिथेच बसला. मला वाटलं होतं, दत्तक म्हणजे ओटी भरायची, पेढे वाटायचे, पोर आपली. इथे पोर घरात खेळत होती, माझ्या ताटातली भाकरी खात होती, आणि तरी घरची नव्हती. सरकारकडून एक मॅडम अधूनमधून यायच्या. त्या हो म्हणाल्या की कोर्ट, आणि कोर्ट हो म्हणालं की मीरा आपली.

"अरे, मी म्हैस घेताना एवढं बघत नाही," मी म्हणालो.

"आबा, हे वाक्य मॅडमसमोर बोलायचं नाही," संदीप म्हणाला. "शपथ घ्या."

घेतली.

अडचण एकच होती. मीरा मानसीला आंटी म्हणायची आणि संदीपला अंकल. लिफ्टमधल्या बाईलाही आंटी, भाजीवाल्यालाही अंकल. कोणीही हात पुढे केले की ही त्याच्या कडेवर. मागच्या खेपेला मॅडम बोलून गेल्या होत्या, की मुलगी खुशीत आहे, पण आपली माणसं कोण हे तिला अजून कळलेलं नाही. या खेपेला शेवटची भेट. आताही तसंच दिसलं तर अहवाल अडकणार.

"अडकला तर काय?" मी विचारलं.

मानसी भांडी घासायला उठली. भांडी घासलेलीच होती.

मी रात्रभर विचार केला आणि पहाटे मला कारण सापडलं. पोरीचं जावळ काढलेलं नाही! आमच्या घराण्यात जावळ निघाल्याशिवाय पोर मोजतच नाहीत. माझं निघालं, संदीपचं निघालं (तो न्हाव्याला चावला होता, पण निघालं). डोक्यावर केस तिकडचे, मग पोरगी इकडची होणार कशी?

मॅडम यायच्या त्याच दिवशी सकाळी मी संदीपला गाठलं.

"आबा, ती तीन वर्षांची आहे. तिचं जावळ तिकडेच निघालं असेल."

"तू बघितलंस?"

"नाही."

"मग?"

"आबा, आज काहीही नवीन करायचं नाही. आम्ही दुपारी लवकर येतोय. चारला मॅडम येतील. तुम्ही हिला फक्त जेवायला घाला आणि झोपवा. कळलं?"

मी मान हलवली. (मान हलवली म्हणजे कबूल केलं असं नव्हे. हे त्याला या वयात तरी कळायला हवं होतं.)

दोघं ऑफिसला गेल्यावर मी मीराला वरण-भात भरवला आणि खालच्या केसांच्या दुकानात घेऊन गेलो. तिथल्या बाईला मीराचं डोकं दाखवलं आणि हातानं सपाट खूण केली. तिनं कात्री खाली ठेवली.

"मम्मी कुठे?" तिनं इंग्रजीत विचारलं. एवढं मला समजतं.

"मम्मी ऑफिस. मी आजोबा."

तिनं कात्री खणात टाकली आणि खण लावून टाकला. पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाला, ज्याच्या शब्दावर गावात बैलांचे सौदे मोडले आणि जुळले, त्याला ही बाई मम्मीला विचारून ये म्हणते! आता मागे हटायचा प्रश्नच नव्हता. तोवर नुसतं जावळ होतं, त्यानंतर इज्जतीचा मामला झाला.

वर आलो तर समोरच्या दारात अंकल टॅन पिंजऱ्यातल्या पक्ष्याला दाणे घालत होते. हे माझ्याच वयाचे. त्यांना फक्त त्यांची चिनी भाषा येते आणि मला फक्त मराठी, त्यामुळे आमची दोस्ती फार पक्की आहे. आजवर एकदाही वाद झालेला नाही. मी त्यांना मीराचं डोकं दाखवलं आणि परत तीच सपाट खूण केली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मीराकडे बघितलं, आणि ते घरात गेले. मला वाटलं, गेले पोलिसांना फोन लावायला.

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक फोटो होता. फोटोत त्यांचा नातू, एवढंसं बाळ, डोकं गुळगुळीत, आणि समोर ताटलीत लाल रंगवलेली अंडी. अंकलनी बोटानं बाळाचं डोकं दाखवलं, मग मीराचं, आणि अंगठा वर केला.

मी जागच्या जागी गार झालो. समुद्र ओलांडून आलो, आणि या चिनी माणसाला जावळ कळतं, माझ्या इंजिनिअर पोराला कळत नाही. अंकल परत आत गेले आणि केस कापायचं बॅटरीचं मशीन घेऊन आले. शिवाय गॅसवर अंडी उकडायला ठेवून आले. कामाचा माणूस.

एकच अडलं. जावळ काढताना पोर मामाच्या मांडीवर बसावी लागते. मानसीचा भाऊ नाशिकला. पण मी म्हटलं, मीराला सगळेच अंकल, म्हणजे हिला सगळं सिंगापूरच मामा. दारासमोरच्या पॅसेजमध्ये स्टूल ठेवलं, अंकल टॅनना त्यावर बसवलं आणि मीराला त्यांच्या मांडीवर.

माझा हात म्हशी भादरून सरावलेला आहे. मशीन घुर्र केलं आणि डाव्या कानापासून टाळूपर्यंत एका दमात साफ. मीरा खिदळत होती. "आबा, गुदगुल्या लाह," म्हणत होती. (हे लाह ती प्लेस्कूलमधून आणते. सगळ्याला लावते, वरणालासुद्धा.) डावी बाजू चकचकीत झाली. मी देवाचं नाव घेऊन उजव्या बाजूला वळलो, आणि मशीननं एक उचकी दिली आणि बंद पडलं.

मी हलवलं. अंकलनी हलवलं. अंकलनी ते चपलेवर आपटलं. मग त्यांनी वायर दाखवून, डोळे मिटून, झोपल्याची खूण केली. चार्जिंग संपलं होतं. ते मशीन घेऊन घरात गेले.

मीरानं डावीकडे हात लावला. मग उजवीकडे लावला. मग परत डावीकडे. ती रडली असती तर मी समजावलं असतं.

तेवढ्यात लिफ्ट उघडली.

आत संदीप, मानसी, आणि वेळेच्या आधीच आलेल्या मॅडम. खालीच गाठ पडली असणार. तिघंही आमच्याकडे बघत उभे. कोणी पाऊल उचललं नाही, कोणी बटण दाबलं नाही. शेवटी लिफ्टचं दार आपोआप बंद झालं आणि लिफ्ट तिघांना घेऊन खाली निघून गेली.

ती परत वर येईपर्यंत मी माझी टोपी मीराच्या डोक्यावर घातली. ती तिच्या नाकापर्यंत आली. मला वाटलं, झाकलं गेलं.

लिफ्ट आली. मॅडम सरळ पुढे आल्या, टोपी उचलली, बघितलं, आणि टोपी हळूच माझ्या हातात दिली. मग संदीपशी इंग्रजीत बोलायला लागल्या. संदीपचा आवाज विहिरीतून येत होता.

"आबा, त्या विचारतायत, मुलीला काही आजार आहे का?"

"नाही म्हणावं."

"मग कशाची शिक्षा केलीत का?"

"शिक्षा कसली? संस्कार आहे म्हणावं. जावळ."

संदीपनं बराच वेळ इंग्रजी केलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलल्या.

"आबा, त्या विचारतायत, संस्कार अर्धाच असतो का?"

"नाही. बॅटरी संपली."

मॅडमनी हातातल्या टॅबवर काहीतरी लिहिलं. मी मानसीकडे बघितलं. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. मीराच्या पायातून निसटलेली छोटी चप्पल तिनं जमिनीवरून उचलली होती आणि दोन्ही हातांत घट्ट धरून उभी होती. पोर चाललीच आता, असं तिचं तोंड झालं होतं. मी उभ्या आयुष्यात सुनेसमोर मान खाली घातली नव्हती. ती त्या दिवशी घातली.

अशा वेळी अंकल टॅनचं दार उघडलं. एका हातात वायरसकट मशीन, दुसऱ्या हातात लाल अंड्यांची ताटली. मशीन चालू झालंय हे कळावं म्हणून त्यांनी ते हसत हसत दोनदा घुर्र करून दाखवलं.

"हे कोण, असं विचारतायत," संदीप म्हणाला.

"मामा," मी म्हणालो.

संदीपनं त्याचं इंग्रजी केलं नाही.

मॅडम म्हणाल्या, आता असं अर्धं तरी ठेवू नका. अंकलनी आपल्या घरातल्या खटक्याला वायर लावली आणि स्टूलवर बसले. पण मीरा बसेना. दोन्ही हात उजव्या बाजूच्या केसांवर दाबून धरलेले.

"नो. आबा फर्स्ट."

"अगं, आबाचं झालेलंच आहे," म्हणून मी तिला माझं डोकं दाखवलं. तिथे कापण्याजोगं गेली वीस वर्षं काही उगवत नाही. मीरानं नीट तपासलं. मग एक बोट माझ्या मिशीवर ठेवलं.

"धिस वन."

संदीपचा चेहरा उतरला. "मीरा, ते नाही हं. आबांची मिशी नाही."

त्याला माहीत होतं. आमच्याकडे मिशी उतरते ती बाप गेल्यावर. माझीही तेव्हाच एकदा उतरली होती. त्यानंतर मी तिला वस्तरा लागू दिला नाही. डेअरीवर नाव विचारायची गरज पडत नसे, मिशी पुढे आणि मी मागे. पण मानसीच्या हातात ती चप्पल होती. मी मशीन घेतलं आणि दोन हातांत मिशी खाली.

ओठाला वारा लागला. पोरीनं घाबरू नये म्हणून मी तिच्याकडे बघून हसलो. (मी हसलो असं मला वाटलं. बाहेर काय दिसलं ते मला आजही कोणी सांगत नाही.)

मीरानं जी किंकाळी फोडली ती खालच्या भाजीवाल्यापर्यंत गेली असेल. हात पुढे केले की कुणाकडेही जाणारी ती पोर. अंकल टॅन शेजारीच बसले होते, त्यांच्याकडे गेली नाही. मॅडमनी हात पसरले, त्यांच्या हाताखालून निसटली. संदीपला वळसा घातला, मानसीच्या अंगावर माकडासारखी चढली आणि अर्धं डोकं तिच्या गळ्यात खुपसलं.

"आई! आई, धिस नॉट आबा! आई!"

हा शब्द तिला कोणी शिकवला नव्हता. दिवसभर मीच काय ते, आईकडे जा, आई आली का बघ, असं बडबडायचो, तेवढंच.

मानसी तिला घेऊन तिथेच फरशीवर बसली. ती पोरीच्या पाठीवर हात फिरवत राहिली, आणि चप्पल अजून हातातच होती. संदीप आमच्याकडे पाठ करून लिफ्टशेजारची सूचना वाचत उभा राहिला. ती सूचना चार भाषांत आहे. त्यानं चारही वाचल्या. मॅडमनी टॅब खाली धरला होता, तो वर घेतला आणि या वेळी पुष्कळ लिहिलं.

उरलेलं जावळ आईच्या मांडीवर निघालं. आमच्या घराण्यात असं कधी झालं नव्हतं, पण तोंड उघडायची माझी तेव्हा पत नव्हती. मी मशीन मीराच्या मागून चालवलं, म्हणजे तिला माझं तोंड दिसायला नको. मग सगळ्यांनी लाल अंडी खाल्ली. मॅडमनीही एक खाल्लं.

निघताना त्या संदीपशी दारात बोलल्या. मुलगी आपली माणसं ओळखते, असं अहवालात जाणार. परत भेटीची गरज नाही, आता फक्त कोर्टाची तारीख. आणि आजोबांना सांगा, कोर्टाचं होईपर्यंत आणखी संस्कार नको.

त्या रात्री मी न्हाणीघरातल्या आरशात बघितलं आणि पोरीवरचा माझा राग गेला. त्या मिशीखाली मी एवढी वर्षं काय लपवून ठेवलं होतं हे मलाच ठाऊक नव्हतं. हे तोंड घेऊन गोठ्यात गेलो असतो तर म्हशींनी दूध आखडून धरलं असतं.

मीराला माझा आवाज पटला, माझी टोपी पटली, तोंड पटत नाही. मी समोर आलो की ती आई म्हणत मानसीकडे पळते. चौथ्या दिवशी ओठावर जरा खुंट दिसायला लागले, तेव्हा मी म्हटलं, चला, महिन्या-दोन महिन्यांत सगळं पूर्ववत होईल.

मानसी चहा घेऊन आली. कप ठेवला, पण गेली नाही.

"आबा, एक मागू?"

आजवर तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी ताठ बसलो. "माग की."

"कोर्टाची तारीख होईपर्यंत मिशी ठेवू नका," ती म्हणाली. "आणि त्या दिवशी मीराच्या अगदी समोर बसा."