आधी गोजरबाई

अक्कलकोट रोडवरच्या चादरीच्या कारखान्यात महादेवप्पा विणकर होता. मागांच्या खडखडाटात तोंडानं केलेला नमस्कार कुणाला ऐकू जायचा नाही, तेव्हा हात दिसले तेवढाच नमस्कार. महादेवप्पा हात छातीशी, गळ्यातल्या लिंगापाशी जोडायचा आणि ‘शरणु’ म्हणायचा. शेजारच्या विणकराला तसाच, आणि सुताचा कचरा झाडणाऱ्या गोजरबाईलाही तसाच. लोक चेष्टा करायचे. तो म्हणायचा, बापानं शिकवलंय, हात समोरच्याच्या आतल्या शिवाला जोडायचे. शिव काय पगार बघून मुक्कामाला येतो होय?

चौऱ्याहत्तर साली म्हातारा जॉबर घरी बसला. सगळ्या मागांवर देखरेख करणारी ती जागा. वीस वर्षं मागावर हाडं झिजवलेल्या महादेवप्पाचाच तिच्यावर हक्क होता, हे सगळे जाणून होते. खंडेनवमीला मागांची पूजा झाली की मालक नाव सांगणार होते. पण पूजेनंतर रांगेनं मालकांच्या पाया पडायची रीत, आणि महादेवप्पा दरवर्षी नुसते हात जोडून पुढं सरकणारा. त्याच्या बायकोनं, हेमावतीनं सकाळीच बजावलं होतं, एक दिवस वाकल्यानं कंबर मोडत नाही.

रांग सरकत महादेवप्पा पुढं आला आणि त्यानं हात छातीशीच जोडले. मालकांच्या कपाळावर आठी पडली. पाया पडायची लाज वाटते का, त्यांनी विचारलं.

“लाज न्हाय मालक. पर एकाला एक आन् दुसऱ्याला एक, असा नमस्कार मला येत न्हाय. तुमच्या पाया पडायचं तर गोजरबाईच्या बी पडाया लागंल की.”

“मग पड की,” मालक म्हणाले. सगळे हसले.

महादेवप्पा वळला. दाराशी केरसुणी घेऊन उभ्या असलेल्या गोजरबाईपाशी गेला, वाकला आणि तिच्या पायांना लावलेला हात त्यानं कपाळी लावला. ती बिचारी मागं सरता सरता भिंतीला टेकली. मग तो परत आला आणि तितकाच वाकून मालकांच्याही पाया पडला. आता कुणी हसत नव्हतं. जॉबरकी रांगेत त्याच्या मागं उभ्या असलेल्या बसलिंगप्पा विणकराला गेली.

हेमावतीनं संध्याकाळभर त्याला धारेवर धरलं. चालत आलेली लक्ष्मी लाथाडली म्हणाली. तो भाकरी खात राहिला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार पेठेतल्या नळावर बायका बसलिंगप्पाच्या बायकोचं कौतुक करायला लागल्या. हेमावतीनं भरलेली घागर खाली ठेवली.

“जॉबर काय, कोण बी व्हतंय,” ती म्हणाली. “मालकाला दुसरा नंबर देणारं माणूस माज्या घरात हाय.”