सबनीसकाकूंची पेन्शन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिला तर मी माझं कोलेस्टेरॉलसुद्धा खरं सांगतो.

न्युरेम्बर्गच्या आमच्या कंपनीनं पेन्शनची योजना बदलली, तेव्हा एचआरचे एक साहेब तासभर बोलले. पडदे ओढलेल्या हॉलमध्ये त्यांचं भारदस्त जर्मन धुक्यासारखं पसरत गेलं. वाक्य कुठे सुरू झालं हे विसरल्यावर ते संपायचं. मी मान हलवत होतो, मधूनच ‘गेनाऊ’ – अगदी बरोबर – म्हणत होतो. मराठी मंडळींत जर्मन येणारा मीच, असा माझा लौकिक होता ना? साहेब म्हणाले, तुमच्या लोकांना तुम्हीच समजावून सांगा.

नवऱ्यामागे बायकोला काय मिळणार, तो भाग मला कळलाच नव्हता. पण विचारायचं कसं – सगळ्यांदेखत? मी सांगितलं, जुनंच आहे सगळं, फक्त थोडं जास्त मिळेल. आमच्यातल्याच सबनीसकाकांनी माझ्या शब्दावर सही केली. नव्या योजनेत त्यांच्यामागे काकूंना कंपनीकडून काहीच नव्हतं.

कळल्यावर काकांनी कंपनीवर दावा लावला – हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. साक्षीला मी. न्यायाधीशबाईंनी विचारलं, आणि मी म्हणालो की तो मुद्दा मी नीट समजावला होता. इतकं अस्खलित जर्मन मी पुन्हा कधी बोललो नाही.

बाहेर जिन्यात काकांनी खांद्यावर हात ठेवला. “सांगितलं असशील रे. माझंच लक्ष नसेल.”

मी त्यांची फाइल हातात घेतली आणि जिना उतरू लागलो.

शेवटचं अपील एरफुर्टच्या संघीय कोर्टात. मी सोबत गेलो – हो, सोबत. गाडीत काकूंनी दिलेलं थालीपीठ खाल्लं. बाहेर बर्फाळ शेतं आवाज न करता मागे जात होती. तिथे पुन्हा साक्ष घेत नाहीत. खाली जे सिद्ध झालं ते खरं धरतात आणि फक्त कायदा बघतात. लाल झग्यांतल्या गंभीर माणसांनी माझं खोटं मोठ्या आदरानं वाचून दाखवलं. ऐकता ऐकता वाटलं – खरंच सांगितलं असेल का मी?

नव्हतं सांगितलं.

काका हरले. पुढे वारलेही. काकू आता आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत काम करतात. परवा पाव बांधून देताना म्हणाल्या, “तुला उगीच कोर्टात ओढलं, याचं यांना शेवटपर्यंत वाईट वाटायचं.”

मी म्हणालो, “असू दे, काकू.”