पेल एलमधला लोण्याचा वास

गाव सोडलं त्या सकाळी एसटी सुरू झाली तरी बाबा खिडकीपाशीच उभे होते. काजूच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला. खवट बी ते नुसत्या वासावर बाजूला काढायचे. गाडी हलताना म्हणाले, "थयचा पाणी आधी हुंगान बघ, मगेच पी."

त्यांचं नाक माझ्याकडे आलं. मायक्रोबायोलॉजी शिकून मी अंधेरीतल्या एका छोट्या ब्रूअरीत लागलो. बिअर चाखून ती विकण्यालायक आहे का, हे ठरवायचं माझं काम. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "आणि ह्याचो पगार देतत?"

तुम्ही जे गावात राहिलात, त्या तुम्हाला वाटत असेल, मजा आहे याची. होतीच. आम्ही तिघं जेवणाआधी, जीभ कोरी असताना चाखायला बसायचो. पेल एल ही बिअर माझी लाडकी. तांबूस सोनेरी रंग, वर पांढरा फेस, ग्लास नाकाशी नेला की पपनस सोलल्यासारखा, बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सच्या फुलांचा वास, आणि घोट उतरल्यावर मागून येणारा कडवटपणा. त्या वासात मला आमच्या परड्यातलं पपनसाचं झाड दिसायचं.

यंदा एक साधा ताप येऊन गेला. त्यानंतर चहा बेचव लागू लागला. मला वाटलं, पावडर बदलली. साबणाला वास नव्हता. म्हटलं, कंपनीने माल स्वस्त केला असेल. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण होतं.

मग नव्या पेल एलची पहिली खेप चाखायला आली. मी रंग पाहिला, घोट घेतला, कडवटपणा नेमका लागला. कागदावर लिहिलं, "स्वच्छ. पास."

बिअर बनवणारी आमची ब्रूअर नेहा माझ्या कागदाकडे बघत राहिली. "सुदीप, यार, काय लिहिलंयस? लोण्याचा वास येतोय ना नुसता! फर्मेंटेशन अर्धवट राहिलंय."

तिसऱ्यानेही मान डोलावली. मी ग्लास तळहातांत धरून ऊबदार केला, फिरवला, नाक आत खुपसलं. काहीच नाही. नुसती ओल. "सर्दी असेल," मी हसून म्हणालो. नाक कोरडं ठणठणीत होतं.

त्या रविवारी दुपारी मंजिरी, माझी बायको, भाजी आणायला खाली गेली होती. मी दूध तापत ठेवून बाहेर पेपर वाचत बसलो. थोड्या वेळाने आत गेलो तर दूध उतू जाऊन बर्नर विझलेला. ओटा पुसला आणि लायटर उचलला.

"लायटर नको! ठेव तो!" मंजिरी दारातूनच किंचाळली. नाकावर ओढणी दाबून ती धावत आली, नॉब बंद केला, खिडक्या उघडल्या, मला ओढून जिन्यात नेलं. शेजारची दारं उघडली. खालच्या मजल्यावरचे काकासुद्धा विचारायला वर आले.

मी हळूच विचारलं, "खूप वास येतोय का गं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुला येत नाहीये?"

डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित नाही येणार. चाखण्याचं काम सुटलं. आता मी ब्रूअरीत टाक्यांचं तापमान बघतो. घरात गॅस फक्त मंजिरी पेटवते. मी एकटा असलो की थंडच खातो.

मे महिन्यात गावी गेलो. स्टँडवर उतरलो, डोळे मिटले. पूर्वी भाजलेल्या काजूंच्या धुरावरून कळायचं, आलो. या वेळी कुठेही उतरलो असतो तरी फरक पडला नसता. परड्यात पपनसाचं पान चुरगळून बघितलं. हात फक्त हिरवा झाला.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती जवळ सरकली, माझ्या खांद्याशी नाक नेलं आणि मागे झाली.

"तुझ्या आंगाक मुंबयचो वास येता."

"कसलो गो?"

"माका सांगूक येना नाय. पण बरो नाय."

चार दिवस राहून घाटकोपरला घरी परतलो. मंजिरीने दार उघडलं, बॅग हातात घेतली आणि हसली. "तुझ्या अंगाला गावचा वास येतोय."

दोघींवर विश्वास ठेवण्यावाचून माझ्याकडे आता दुसरा इलाज नाही. मी चपला काढल्या आणि ती पुढे काही म्हणते का, म्हणून दारातच थांबलो.