धोंड्याच्या सालचा पोळा

माझा बाप मोटर चालवायचा. आमच्या घराण्यात धानाची बांधी सोडून स्टेअरिंग हाती धरणारा तो पहिला, आणि कॉलेजात गेलेला मी पहिला. दोन्ही गोष्टी मी आजही ताठ मानेनं सांगतो.

गोंदियाहून आमगावला जाणारी बाच्या सेठची प्रवाशांची मोटर फुलचूरला आमच्या दारावरून जायची. संध्याकाळी परतताना बा दोनदा भोंगा वाजवी. म्हणजे, भात चढव, गाडी लावून येतो. आई माझ्या मॅट्रिकच्या आधीच गेलेली. सुट्टीत नागपूरहून आलो की दिवसभर घरात मी एकटा असे आणि त्या भोंग्याची वाट बघे.

लायसन दरवर्षी भंडाऱ्याला जाऊन पुढं वाढवून आणावं लागे, आणि ते वाढवल्या दिवसापासून वर्षभर चाले. बाला पहिलं लायसन मिळालं ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यानं मनाशी गाठ बांधली: पोळा झाला की भंडारा. आमच्याकडे सालदार गड्याचं साल सणावर ठरतं, मग लायसनचं का नाही? दोन वर्षं निभावलं, कारण पोळा एरवी दर साली थोडा अलीकडेच येतो. तिसऱ्या साली धोंड्याचा महिना आला. अधिक महिना पडला की पुढचे सण लांबतात, तसा पोळाही लांबला. लायसनवरची इंग्रजी तारीख मात्र आपल्या दिवशी येऊन गेली. ती वाचू शकणारा मी नागपूरला, आणि लायसन बाच्या खिशात. मी स्वतःला दोष देत नाही, त्यालाही देत नाही.

रेल्वे फाटकावर पोलीस जमादारानं गाडी अडवली, लायसन बघितलं. पुढचं बानंच मला नंतर सांगितलं.

"क्या ड्राइवर साहब, मियाद तो कब की गई!"

"असं कसं? पोळा तं येवाचाच हाय अजून!"

जमादार पोट धरून हसला. "सरकार बैल नहीं पूजती, भैया. उतरो नीचे."

गाडीतली माणसंही हसली. ती रोजचीच होती, बाच्या ओळखीची.

बा दुसऱ्याच दिवशी भंडाऱ्याला गेला. उशीर झाला, आता पुन्हा गाडी चालवून दाखव, असं तिथं सांगितलं. आणि ते बघणारा साहेब दौऱ्यावर. सेठ वाईट माणूस नव्हता. "गाड़ी खड़ी नहीं रख सकता, भाई," एवढंच बोलला आणि दुसरा ड्रायव्हर ठेवला. साहेब परतला, लायसन मिळालं, पण मोटर गेली ती गेलीच. बाला काम मिळालं दूर जंगलात, दरेकशाला, लाकडाच्या ठेकेदाराच्या लॉरीवर; राहणंही तिथंच.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. दिवाळीला आलो तर दाराला कुलूप. शेजारच्या काकूनं किल्ली हातावर ठेवली.

"तुहा बा दरेकशाले गेला, बापू."

"मले काऊन नाई कळवलं?"

"कायले कळवंल? तू अभ्यास करून राहिला नं."

ती अख्खी सुट्टी मी एकट्यानं काढली. भात दोघांचाच शिजे. हाताला सवय होती. संध्याकाळी मोटर जाई. नव्या ड्रायव्हरला आमच्या दारापाशी भोंगा वाजवायचं कारण नव्हतं.

बी. ए. झालो तेव्हा सांगायला म्हणून रेल्वेनं दरेकशाला गेलो. बा लॉरीखालून निघाला, हात पुसले.

"पास झालो, बा."

"मंग आता साहेब म्हणाचं का तुले?" असं म्हणून हसला, आणि झोपडीतून लायसन घेऊन आला. "वाच, कोणती तारीख हाय."

मी वाचली. भिंतीवर इंग्रजी कॅलेंडर लटकत होतं, आणि त्याच तारखेखाली कोळशाची रेघ आधीच ओढलेली होती.

"तुले तं माईतच हाय! मंग मले कायले वाचाले लावून राहिला?"

"टेशनच्या बाबूनं सांगतली होती. तुह्या तोंडून आयकाची होती."

निघताना मी विचारलं, "पोळ्याले येशील नं?"

"बैलाले सुट्टी असते पोळ्याले. लॉरीले कुठची?"

त्या साली पोळ्याला मी घरीच होतो. गावातले बैल सजून तोरणाखाली गेले आणि परत आले. काकूनं पुरणपोळी दिली, ती ओसरीत बसून खाल्ली. संध्याकाळी मोटर आली आणि सरळ पुढं निघून गेली. मी उठलो आणि भात चढवला. एकट्यापुरता.