मागचं मडगार्ड

रंगनाथ गाडी बघायला आला की विकणारा धास्तावायचा. नाशिकमध्ये कुणाला जुनी जावा, येझदी किंवा राजदूत घ्यायची असली, की तो आधी रंगनाथला सोबत न्यायचा. हा गाडीभोवती एक फेरी मारायचा, उकिडवा बसायचा, टाकीच्या खालच्या अंगाला, जिथं कुणी बघत नाही तिथं, नखानं हलकेच खरवडायचा आणि हात झटकत उठायचा. "रंग नवा हाय. हँडल दुसऱ्या गाडीचं हाय. इंजिन तेवढं हिचं हाय." गाडीत खोटेपणा निघाला की त्या घरचा चहा तो घेत नसे. समोर आलेला कप तसाच ठेवून निघायचा. तो कप बहुतेक वेळा मी प्यायचो, कारण मला तिथं दुसरं काम नसायचं.

आम्ही दोघं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होतो. तो फिटर, मी टाइम ऑफिसात. तो विंचूरच्या शेतकरी घरातला, मी पंचवटीतल्या भिक्षुकाचा मुलगा. जेल रोडला आमची घरं शेजारी-शेजारी झाली आणि जमलं. माझं नाव ढुंढिराज. त्यानं पहिल्याच दिवशी त्याचं ढुंड्या केलं आणि चाळीस वर्षं तेच चालू ठेवलं. त्याच्या जावावर मागे बसून मी दहा वर्षं ड्यूटीला गेलो. ती चालवायला मात्र मला कधी जमली नाही. तिची किक आणि गिअर एकाच दांड्याला. मी गिअर टाकायला गेलो आणि गाडी सरळ मेहेंदीच्या कुंपणात घातली. रंगनाथ धावत आला तो गाडीकडे. मी काट्यातून आपला आपण उठलो.

ती जावा १९६८ सालची. गडद लाल, मरून रंग, टाकीच्या दोन्ही अंगांना पिवळसर पांढरा पट्टा आणि त्याभोवती हातानं ओढलेली सोनेरी रेघ. ही रेघ जागोजागी उडाली होती. लोक म्हणायचे, एकदा रंगवून घ्या की काका. तो म्हणायचा, "माझ्या टकलावर केस लावलेत का मी?"

पण हा माणूस जन्मापासून असा सोवळा नव्हता. तरुणपणी त्यानंही याच गाडीला उंच, शिंगांसारखं हँडल बसवलं होतं. तेव्हा तशी टूम होती. लग्न होऊन सिंधुबाई घरी आल्या, गाडी बघून म्हणाल्या, "या बोकडावर मी बसायची नाय." आणि खरंच बसल्या नाहीत, दोन दिवस बाजारात पायी गेल्या. तिसऱ्या दिवशी रंगनाथनं मूळ हँडल माळ्यावरून उतरवून परत लावलं. नशीब, टाकलेलं नव्हतं. तेव्हापासून त्याचा नियम झाला: गाडीतून काढलेली वस्तू टाकायची नाही. प्रत्येक वस्तूला तारेनं पत्र्याची चकती बांधायची आणि चकतीवर खिळ्यानं गाडीचा नंबर नि तारीख कोरायची. त्याच्या शेडमध्ये अशा चकत्यांची पोती होती.

आता मडगार्डचं सांगतो, कारण सगळं त्यापाशीच येतं.

सिंधुबाई गाडीवर एका बाजूला पाय सोडून बसायच्या आणि डावा हात मागे टेकून मडगार्डची कड धरायच्या. विंचूरला जाताना, लासलगावला लग्नांना जाताना, चाळीस वर्षं तीच जागा, तोच हात. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. त्या गेल्यावर एकदा मी रंगनाथच्या शेडमध्ये बसलो होतो. हाताला चाळा म्हणून पॉलिशचा बोळा घेतला आणि मागचं मडगार्ड घासू लागलो. रंगनाथनं माझं मनगट असं धरलं की मी ओरडलोच.

"तिथं नाय," तो म्हणाला. मग स्टुलावर बसला. "बांगड्यांच्या रेघा हायेत त्या. तिच्या."

मी वाकून पाहिलं. चार बोटं रुंद जागेत बारीक बारीक रेघा होत्या, एकावर एक, रंग जाऊन आतला पत्रा दिसेपर्यंत.

"दीपकला सांगितलं नाय मी. पोराला काय सांगायचं असलं? तुला सांगतो," तो म्हणाला. त्याच दिवशी त्यानं शेडची आणि गाडीची जादा किल्ली माझ्याकडे ठेवायला दिली. गाडीची किल्ली नुसती नावाला. तसली जुनी जावा जाड खिळ्यानंही सुरू होते. खरी किल्ली शेडची. माझ्या स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी खिळ्याला ती लटकू लागली.

गेल्या वर्षी रंगनाथच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर गाडी चालवायची नाही, धुळीत जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून तो विंचूरला बहिणीकडे, वत्सलाबाईंकडे जाऊन राहिला. महिना संपला की त्याची पंच्याहत्तरी होती. त्याचा मुलगा दीपक पुण्यात नोकरीला असतो. त्याचा मला फोन आला.

"काका, बाबांना सरप्राइज द्यायचंय. गाडी ज्ञानेशकडे देतोय. किल्ली तुमच्याकडे असते ना? आणि कार्यक्रमात भाषण तुम्हीच करायचं. त्यांचे सगळ्यात जवळचे तुम्हीच."

या शेवटच्या वाक्यानं मी विरघळलो. खोटं कशाला बोलू?

ज्ञानेश हा रंगनाथचा चेला. सहा वर्षं त्याच्या शेडमध्ये काम शिकला, मग पाथर्डी फाट्याला स्वतःचं गॅरेज टाकलं. तिथं तो जुन्या गाड्यांना नवी रूपं देतो. रुंद टायर, काळा रंग, मोबाइलवर व्हिडिओ. दोघांची यावरून खडाजंगी व्हायची. ज्ञानेश म्हणायचा, "काका, लोकांना गाडीत स्वतःला बघायचं असतं." रंगनाथ म्हणायचा, "मंग आरसा घ्या म्हणाव." पण ज्ञानेश निघून गेला की मला हळूच सांगायचा, "हात चांगलाय पोराचा. मी शिकवलाय."

ज्ञानेश गाडी न्यायला आला तेव्हा मी त्याला दारातच विचारलं, "काय काय करणार आहेस?"

त्यानं गळ्याला चिमूट लावली. "काका, गुरूची गाडी आहे. काढलेली एक वस्तू बाहेर जाणार नाही. आईशप्पथ."

मी समजलो की इंजिन खोलेल, तेलपाणी करेल, चकचकीत करेल. रेघांचं सांगावं असं मनात आलं होतं. पण मित्राच्या संसारातली गोष्ट त्या पोराला कशी सांगायची, आणि दीपकला माहीत नसताना? मी किल्ली काढून दिली.

दहा-बारा दिवसांनी मी त्याच्या गॅरेजात गेलो. आता जे सांगतो ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. जावा लिफ्टवर चढवलेली होती. टाकीवरचा रंग पार काढलेला, सीट नव्हती, मागचं चाक उघडं. आणि कोपऱ्यात, कापलेल्या पायपांच्या ढिगाजवळ, मागचं मडगार्ड दोन तुकडे होऊन पडलं होतं. रेघांचा तुकडा वरच होता. हात लांब केला असता तर मिळाला असता.

"बॉबर बनवतोय काका! मागचं मडगार्ड कापायचं, सीट एकट्याची," ज्ञानेश म्हणाला. त्याच्या माणसानं चहा आणला. मी चहा घेतला. हॉल ठरला होता, पत्रिका गेल्या होत्या, माझं भाषण लिहून झालं होतं. ज्ञानेशनं शपथ घेतली आहे, सगळं जपून ठेवणारच, असं मी स्वतःला सांगितलं. एकलहऱ्याला तीस वर्षं मी लोकांच्या लबाड्या पकडल्या. कोण हजेरीचा पंच मारून परत घरी जातो ते मला चालीवरून कळायचं. त्या दिवशी स्वतःची लबाडी कळली नाही, असं तरी कसं म्हणू? कळली होती. मी कप खाली ठेवला आणि रिक्षा करून घरी आलो.

पंच्याहत्तरीचा कार्यक्रम नाशिक रोडच्या एका हॉलात झाला. सुनेनं, तेजस्विनीनं, पंच्याहत्तर दिव्यांचं ताट केलं होतं. रंगनाथ नवा चष्मा लावून पाटावर बसला, औक्षण झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग दीपकनं त्याचा हात धरून त्याला हॉलच्या टोकाला नेलं. तिथं झेंडूच्या माळा घातलेल्या चादरीखाली काहीतरी उभं होतं. चार पोरं मोबाइल धरून तयार होती. ज्ञानेशनं चादर ओढली.

काळी, बिनचकाकीची गाडी. टाकीवर पट्टा नाही, सोनेरी रेघ नाही. टायर ट्रॅक्टरला शोभतील असे. सीट एकाच माणसाची. मागं बसायला जागाच नव्हती.

"बाबा, कशी वाटली?" दीपकनं विचारलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पोराचं मन खरं होतं, आणि तेच मला अजून खुपतं, कारण त्याला शिव्याही देता येत नाहीत.

रंगनाथ गाडीभोवती एक फेरी फिरला. मागे जाऊन उकिडवा बसला. उघड्या चाकावर, मडगार्ड असायचं तिथं, त्यानं हात फिरवला. मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि दीपकच्या पाठीवर थोपटलं.

"छान हाय," तो म्हणाला. "तूच घेऊन जा पुण्याला."

सगळे हसले, त्यांना तो मोठेपणा वाटला. त्यानंतर माझं भाषण झालं. विषय होता, रंगनाथनं आयुष्यभर केलेली जपणूक. मी दोन पानं पूर्ण वाचली, आणि वाचताना एकदाही वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "ढुंड्या, ज्ञानेशकडं चल." आम्ही रिक्षानं गेलो.

ज्ञानेशनं पाया पडून एक पोतं पुढं ओढलं. "काका, तुमचा नियम. सगळं जपलंय." रंगनाथनं पोत्यातून एक-एक वस्तू काढून फरशीवर मांडली. मूळ हँडल, दिवा, सायलेन्सर, दोन माणसांची सीट. प्रत्येकाला तार, प्रत्येकाला चकती, चकतीवर सुबक आकडे. पोतं रिकामं झालं तरी तो आत हात घालून चाचपत राहिला.

"मागचं मडगार्ड कुठंय?"

"ते काढलं नव्हतं काका. ते कापलं." ज्ञानेश अगदी सहज बोलला. "कापलेल्याला चकती कशाला लावू? मागच्या शनिवारी भंगारात गेलं. तसलंच दुसरं आणून देतो ना, चांगलं, एक ओरखडा नसलेलं."

रंगनाथ फरशीवर तसाच बसून राहिला. सहा वर्षं स्वतः शिकवलेल्या त्या पोराकडे तो बघत होता, नवं कुणीतरी गिऱ्हाईक असावं तसं.

"तुला कुणी सांगितलं नाय? की ते ठेव म्हणून?" त्यानं विचारलं.

"नाही ना. ढुंढिराजकाका आले होते की मधे. त्यांच्यासमोरच कोपऱ्यात पडलं होतं. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, नकोच असेल."

रंगनाथनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ऑपरेशन झालेले ते डोळे स्वच्छ होते. मला वाटलं, आता ओरडेल, आईबापाचा उद्धार करेल, पूर्वी कुंपणात गाडी घातली तेव्हा केला होता तसा. मी त्याची वाटच बघत होतो. पण त्यानं वस्तू परत पोत्यात भरल्या, तोंड बांधलं, आणि पोतं उचलायला मी हात लावला तर ते आपल्या बाजूला ओढून घेतलं. रिक्षा त्यानं एकट्यासाठी केली.

चार दिवस तो दिसला नाही. दीपक जावा घेऊन पुण्याला गेला. शेडमध्ये आता पोत्यांखेरीज काही नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी आमच्या दाराची कडी वाजली. माझी बायको श्यामला दार उघडून म्हणाली, "या भावजी." तो आत आला, नेहमीच्या खुर्चीच्या टोकावर टेकला.

"किल्ली द्या," तो मला म्हणाला.

"रंगनाथ, अरे, ऐक तरी—"

"किल्ली तेवढी द्या."

मी कॅलेंडरशेजारच्या खिळ्यावरून किल्ली काढली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं ती खिशात टाकली. तेवढ्यात श्यामलानं चहा आणून त्याच्यासमोर ठेवला, आलं घातलेला, त्याला आवडतो तसा. त्यानं कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हात झटकत उठला आणि चपला घालून निघून गेला.

"अहो, चहा का नाही घेतला त्यांनी?" श्यामलानं विचारलं.

तो चहा मला पिता आला नाही. मी तो मोरीत ओतला.