आ-आ दगडाची विहीर

माझ्या थोरल्या जाऊबाई नेसरीला असतात. दीर गेल्यापासून शेत आणि म्हशी त्या एकट्याच बघतात. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. मी कोल्हापुरात, राजारामपुरीत ब्लाउज शिवायचं दुकान चालवते. नेसरीला जाते ती सणाला नाहीतर अडचणीला. त्या वेळी अडचण होती.

शेतालगतचा ओढा दर उन्हाळ्यात आटायचा, म्हणून अक्कांनी विहीर काढायला घेतली होती. पाणी लागलं नाही तर पाडव्यानंतर म्हशी विकायच्या, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. एक व्यापारी येऊन म्हशींचे दातसुद्धा बघून गेला होता. खोदणाऱ्या माणसांचं जेवण करायला मला बोलावलं. लेक सोबत आली. ती भूशास्त्र शिकते. भाकरी थापायचं सोडून ती विहिरीच्या काठावर जाऊन बसली.

वरचा मुरूम संपून काळा, घट्ट खडक लागला होता. त्याच्या खाली वेगळाच पट्टा निघाला. तांबूस, भोकाभोकांचा, फुटक्या विटांचा ढीग भट्टीत चिकटावा तसा. त्यातले तुकडे सुटून पडायला लागले तेव्हा खोदणाऱ्यांच्या मुकादमांनी माणसं वर घेतली.

"अक्का, ह्यो निस्ता भुगा हाय. काँक्रीटची रिंग मारून गच्च करूया. न्हायतर माझी माणसं खाली आन् दगूड त्यांच्या डोसक्यावर."

मला पटलं. लेकीला नाही.

"मोठी आई, हा आ-आ आहे."

"काय हाय?"

"आ-आ. लाव्हाचा एक प्रकार. हवाई बेटांवरच्या लोकांचा शब्द आहे. लाव्हा वाहताना वरची साय थिजते आणि फुटते. ते तुकडे अंगावर घेऊन आतला रस पुढं सरकतो. तुकड्यांच्या मधे फटी राहतात. पाणी आलं तर तिथूनच येणार. सिमेंटनं बुजवलं तर संपलं."

मुकादम मोठ्यानं हसले. "दाताचा डाक्टर तोंड उघडाय लावतोय तसलं नाव की, ताई! पर पडणारा दगूड नाव ऐकून थांबतोय व्हय?"

त्यांचंही खोटं नव्हतं. खाली उतरणारी माणसं त्यांची होती. दोघंही अक्कांकडे बघायला लागली. अक्का घरी गेल्या आणि जुनं सुती लुगडं घेऊन आल्या. त्याच्या टोकाला दगड बांधून त्यांनी ते काठावरून खाली सोडलं, खडकाला चिकटून राहील असं.

"सकाळी बघू. तवर कुणी उतरायचं न्हाय."

कापड भिजवून बघितल्याशिवाय मी कात्री लावत नाही. पण कापड लावून खडक बघायचा, हे मला सुचलं नसतं.

सकाळी लुगडं ओढून काढलं. काळ्या खडकाला लागून होतं तेवढं कोरडं, आणि पट्ट्यापासून खाली पिळून पाणी गळेल इतकं ओलं. लेक उड्या मारायची तेवढी राहिली. अक्कांनी लुगडं पिळून बांधावर वाळत टाकलं आणि मुकादमांकडे वळल्या.

"पाणी हितनंच येतंय. आता ह्ये पडायबी नगं आन् बुजायबी नगं. कसं करताय सांगा."

 मुकादमांनी आधी लाकडी टेकू लावून पट्टा आवळला आणि त्याच्यापुढं बिनसिमेंटची भिंत रचली. दगड वापरले ते त्याच पट्ट्यातून पडलेले. खडबडीत असल्यानं ते एकमेकांत अडकून बसत होते. "गुळगुळीत दगूड घसरतोय, ह्यो धरतोय," असं आता तेच लेकीला समजावत होते, आणि ती मान हलवून ऐकत होती. भिंतीच्या फटींतून दुसऱ्याच दिवशी पाणी पाझरायला लागलं.

शिकलेल्या पोरीचं ऐकणारी माणसं मी पाहिली आहेत, तिला गप्प बसवणारी जास्त. अक्कांनी दोन्ही केलं नाही. पोरीचं म्हणणं तपासलं आणि मुकादमांची भीती कामाला लावली. हे मला फार आवडलं. मी तसं त्यांच्या तोंडावर बोलले असते तर "चल, भाकरी करपतीया" एवढंच ऐकायला मिळालं असतं.

पाडव्यानंतर तो व्यापारी टेम्पो घेऊनच आला. मी तिथंच होते. अक्कांनी विहिरीचं पाणी तांब्यात भरून त्याच्या हातात दिलं.

"पावणं, पाणी प्या. म्हशी ऱ्हाणार हायत."


तो पाणी प्यायला, विहिरीत एकदा डोकावला आणि रिकामा टेम्पो वळवून निघून गेला.